रिपोर्टला उशीर होतोय म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट निघालंय का?

कॅन्सरच्या पेशंटशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन चार वर्षं झालेली, आणि मग फॉलोअपच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसला. बायोप्सी झाली, कॅन्सर परत आलाय हे कळलं, पण औषध कुठलं द्यायचं ते ठरवायला अजून टेस्ट बाकी होत्या. चार दिवसांत रिपोर्ट येईल असं सांगितलं होतं, त्याला बारा दिवस उलटलेले.

बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मॅडम, चांगलं असतं तर एव्हाना फोन आला असता. मला सांगायला कचरतायत सगळे."

अशा वेळी "काही नाही होणार" असं मी म्हणत नाही, कारण मला ते माहीत नसतं आणि समोरच्यालाही ते कळतं. मी विचारलं, हातात काय कागद आहे? त्यावर लिहिलं होतं हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन), टू प्लस, फिश टेस्ट करावी. म्हटलं चला, हेच आधी समजून घेऊ. बायोप्सीचा तुकडा खराब होऊ नये म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात, रंग देतात, मग पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे असे तुकडे तपासणारे डॉक्टर, बघतात. नंतर रिसेप्टरच्या टेस्ट, म्हणजे औषध ठरवायला उपयोगी पडणारी हर-टूसारखी प्रथिनं पेशींत किती आहेत ते बघतात, आणि त्या आधी केलेल्या असल्या तरी परत करतात कारण परत आलेल्या कॅन्सरमध्ये उत्तर बदललेलं असू शकतं. हर-टू झिरो किंवा वन प्लस म्हणजे निगेटिव्ह, थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि टू प्लस म्हणजे एवढ्यावरून ठरवता येत नाही, म्हणून फिश टेस्टमध्ये हर-टूच्या जीनच्या कॉपी मोजतात. उशीर त्यामुळे होता, कुणी काही लपवत नव्हतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांच्यासमोरच डॉक्टरांच्या टीममधल्या सिस्टरना फोन लावून हे सगळं खात्री करून घेतलं.

मग त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि खरी गोष्ट तेव्हा बाहेर आली. "घरात सगळे पॉझिटिव्ह राहा, पॉझिटिव्ह राहा म्हणतायत, आणि मी तर रात्रभर घाबरलेली असते, म्हणजे माझ्या घाबरण्यानेच हे वाढत असेल का?"

मला खरंच वाईट वाटलं हे ऐकून. आधीच भीती, त्यात भीती वाटल्याचा अपराध. स्पष्ट सांगितलं की घाबरल्यामुळे कॅन्सर परत येतो असं सिद्ध झालेलं नाही, तुम्ही रडलात म्हणून काही बिघडलेलं नाही. पुढच्या वेळी मिस्टरांनाही बोलावलं आणि ताईंनी त्यांच्यासमोर पहिल्यांदा म्हटलं, "मला भीती वाटतेय." ते काही बोलले नाहीत, नुसता हात धरला. माझ्या मते त्या दिवशीचं अर्धं काम तिथेच झालं.

बाकी मग साध्या गोष्टी ठरवल्या. लॅबला फोन दिवसातून एकदाच, सकाळी, आणि तो मिस्टरांनी करायचा. काळजीसाठी संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवायचा, मधेच विचार आला तर वहीत लिहून त्या वेळेवर ढकलायचा (हे पहिले दोनतीन दिवस अजिबात जमत नाही, तरी करत राहायचं). रिपोर्ट मोबाईलवर डॉक्टरांच्या आधी येतो, तेव्हा तो रात्री एकटीने उघडायचा नाही. आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आताच लिहून ठेवायचे, कारण केबिनमध्ये गेल्यावर डोकं बंद पडतं.

रिपोर्ट आला गुरुवारी रात्री दहाला. त्यांनी फोन मुलीकडे दिला आणि सकाळपर्यंत परत मागितला नाही, झोप मात्र तुटक तुटकच लागली. फिश पॉझिटिव्ह होती, म्हणजे नेमकं हर-टूवर काम करणारी औषधं त्यांना देता येणार होती. डॉक्टरांसमोर त्यांनी वही उघडली आणि पहिलाच प्रश्न वाचला, "ट्रीटमेंट चालू असताना मी कामावर जाऊ शकते का?"