भंगार, दुधाच्या पिशव्या आणि घंटागाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गंजलेली बादली आणि मोडकी खुर्ची भंगारात घातली, तर हाती किरकोळ पैसे येतात. मग याचा खरा फायदा कोणाला होतो? (एक वाचक, परतूर)

उत्तर : बराचसा आपल्याच जिल्ह्याला होतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार लोखंड विजेवर वितळवून त्याच्या सळया केल्या जातात. तेव्हा आपली बादली उद्या शेजाऱ्याच्याच स्लॅबमध्ये गेली, तर नवल नाही. भंगारापासून एक टन पोलाद केले, की सुमारे १.४ टन लोहखनिज वाचते. अ‍ॅल्युमिनियमची बचत याहून मोठी आहे, कारण खनिजापासून नवा धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जेत जुने पातेले वितळून पुन्हा कामास येते. म्हणूनच त्याला लोखंडापेक्षा चांगला भाव असतो. दोन्ही एकाच पोत्यात भरून वजन करू दिले, तर नुकसान आपलेच आहे.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या धुऊन द्या, असे सांगतात, पण आमच्याकडे नळच आठवड्याने येतो. (एक गृहिणी, लातूर)

उत्तर : ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील गृहिणीने हे विचारणे अगदी रास्त आहे. पिशवी चकचकीत करण्याची गरज नाही; आत राहिलेले दूध नासून वास सुटू नये, एवढेच पाहावे. रिकाम्या पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून ती हलवावी, ते पाणी चहाच्या आधणात ओतावे आणि पिशवी दोरीवर चिमट्याने उलटी अडकवावी. कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकताच राहू द्यावा. सुटलेला तुकडा कोणाच्याही पोत्यात पोहोचत नाही, तो थेट नालीत जातो.

प्रश्न : वेफर्सची पाकिटे भंगारवाला का घेत नाही? (एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात व ते सुटे करणे कोणालाच परवडत नाही. सुटे मुरमुरे आणून घरी चिवडा करावा. मला तरी तोच अधिक आवडतो.

प्रश्न : आम्ही ओला-सुका कचरा वेगळा करतो, पण गाडीत तो एकत्रच पडतो. मग हे कष्ट कशाला? (एक ज्येष्ठ नागरिक)

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे. घनकचऱ्याच्या नियमांनी कचरा वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकली आहे, तशीच तो वेगळा वाहून नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे, आणि ती लेखी अर्ज करून मागता येते. तोवर विकले जाणारे काहीही गाडीत टाकूच नये. रद्दी, बाटल्या, डबे आणि पुठ्ठे घरीच साठवून महिन्याकाठी भंगारवाल्याला द्यावेत. भाजीची देठे कुंडीतल्या खतात जिरवावीत. शहराचा कचरा जेथे टाकला जाई, त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी २०१८ च्या फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आजच्या छत्रपती संभाजीनगरात रस्तोरस्ती ढीग साचले. त्या दिवसांत ज्यांच्या घरी एवढी व्यवस्था होती, त्यांना दारातली दुर्गंधी तरी टळली. रद्दी मात्र पावसाळ्यात ओसरीवर ठेवू नये, कारण ओल धरलेल्या कागदाचा भाव भंगारवाला लगेच पाडतो.