कौलारू घराचा माळा काढताय? तुळयांना हात लावू नका

माळ्याच्या फळ्या खुशाल काढ रे, उंची मस्त मिळते, पण खालच्या आडव्या तुळया दिसायला नकोत म्हणून कापू नकोस. कौलांच्या वजनाने वासे दोन्ही भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि कैचीची, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याची, ती खालची तुळई त्यांना धरून ठेवते, ती गेली की आढं, म्हणजे छपराचा वरचा कणा, खाली बसतं आणि चिऱ्याची भिंत कलायला लागते, लगेच नाही कळत, हळूहळू. मिस्त्री म्हणेल काय होत नाय, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवच. अगदीच खुपत असतील तर त्याच्या डिझाइनने स्टीलचे टाय रॉड, म्हणजे दोन्ही बाजू धरून ठेवणाऱ्या सळ्या, टाकता येतात, पण आधी टेकू लावून, आणि जुनी तुळई नंतरच काढायची. बाकी माळा गेला की उन्हाळ्यात खोली तापणार, आढ्याजवळ हवा जायला जागा ठेव.