वेगवेगळ्या देशांतले विचित्र वाटणारे पदार्थ पहिल्यांदा खाताना किळस कशी टाळावी?

तुम्ही विचारलंय की परदेशात गेल्यावर तिथलं 'भलतंसलतं' खाऊन बघायची हौस तर आहे, पण ऐनवेळी ओकारी येऊन चारचौघांत शोभा होईल, अशी धास्ती वाटते. मी खाण्याच्या बाबतीत हावरट माणूस आहे, आणि माझं सांगणं एकच: तो पदार्थ तिथले लोक जसा खातात तसाच खा. नुसता खाऊ नका आणि पैज म्हणून तर मुळीच नको.

स्वीडनमधलं सुरस्ट्रॉमिंग घ्या. ही आंबवलेली हेरिंग मासळी. डब्यातही आंबणं चालूच असतं, म्हणून डबा फुगलेला दिसतो. व्हिडिओवाले बंद खोलीत डबा फोडतात, अख्खा मासा तोंडात कोंबतात आणि मग नाटकं करतात. स्वीडिश माणूस डबा घराबाहेर फोडतो, बरेचदा पाण्यात बुडवून, म्हणजे आतला दाब सुटताना रस अंगावर उडत नाही. मासा साफ करतो, पातळ ब्रेडला लोणी लावतो, त्यावर उकडलेला बटाटा, चिरलेला कांदा आणि मासळीचा लहानसा तुकडा. हे तोंडीलावणं आहे हो, जेवण नव्हे!

आइसलंडचा हाकार्लही तसाच. ग्रीनलंड शार्कचं ताजं मांस विषारी असतं, म्हणून ते काही आठवडे आंबवून पुढे काही महिने टांगून वाळवतात. बशीत येतात ते चीजसारखे दिसणारे चौकोनी तुकडे. अमोनियाचा भपकारा थेट नाकात जातो, तेव्हा हुंगत बसू नका; तुकडा तोंडात टाका आणि चावा. वासाच्या मानाने चव बरीच सौम्य आहे.

वासाचा निम्मा खेळ तर डोक्यातच चालतो. एका प्रयोगात लोकांना एकच वास दोनदा दिला, एकदा 'पार्मेजान चीज' म्हणून आणि एकदा 'ओकारी' म्हणून. चीज म्हटल्यावर आवडला, ओकारी म्हटल्यावर नकोसा झाला. त्यामुळे खाण्याआधी पदार्थाबद्दलच्या अफवा वाचू नका. चिनी पिदान अंडी घोड्याच्या मुतात मुरवतात ही अशीच एक लोणकढी. प्रत्यक्षात चुना, राख, मीठ आणि मातीचा लेप देऊन ती मुरवतात; अल्कलीमुळे अंड्यातला पांढरा भाग जेलीसारखा आणि तपकिरी होतो आणि अमोनियाचा वास येतो.

खरी कसोटी लागते ती पोताची. नाक दोन घासांत सरावतं, जीभ नाही. जपानचा नातो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. काड्यांनी ढवळला की पांढरट फेस येतो, आणि घास उचलला की वाटीपासून हनुवटीपर्यंत तारा लोंबतात. काड्या हवेत गोल फिरवल्या की तारा तुटतात. मोहरीची चटणी आणि सोया सॉस घालून गरम भातावर घेतला, तर बुळबुळीतपणा भातात बराचसा मुरतो. मला आता तो आवडतो, पण भाताशिवाय अजूनही नाही.

किळस आणि धोका यांत मात्र गल्लत करू नका. मेक्सिकोतल्या वाहाकात लसूण, लिंबू, मीठ लावून भाजलेले नाकतोडे मिळतात, कुरकुरीत आणि झकास. पण कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, कारण अॅलर्जी आणणारं प्रथिन दोन्हींत सारखंच असतं. जमैकाचं अॅकी हे फळ झाडावर आपोआप उकलण्याआधी खाल्लं तर जीवावर बेततं. जपानचा विषारी फुगू मासा खायचा तो परवानाधारक आचाऱ्याच्याच हातचा. तिथे धाडस दाखवायचं नसतं.

कुणाच्या घरी जेवायला असाल तर ताटात पडण्याआधीच 'थोडंसंच वाढा' म्हणा. उष्टं टाकण्यापेक्षा ते कधीही बरं.

आता राहिलं बालुत, म्हणजे फिलिपिन्समधलं आत पिल्लू वाढत असलेलं उकडलेलं बदकाचं अंडं. रुंद टोकाला भोक पाडून आधी आतला रस प्यायचा, मग मीठ किंवा व्हिनेगर घालून बाकीचं खायचं. पांढरा कडक गोळा तिथलेही बरेच जण टाकून देतात, तो चावत बसू नका. रस आणि बलक मी मिटक्या मारत खातो. पिल्लू अजून जमलेलं नाही; ते बाजूला सारलं की शेजारचा कुणीतरी उचलून घेतो.