पाइप आणि आतलं पाणी: दोन बॉडींची मेश जोडायची कशी?

अ‍ॅन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तांब्याचा पाइप आणि आतलं पाणी या दोन बॉडी (मॉडेलचे वेगळे भाग) नुसत्या चिकटून असल्या, तरी त्यांची मेश (गणितासाठी केलेली छोट्या तुकड्यांची जाळी) आपोआप जुळत नाही. दोन्हीकडचे नोड (जाळीचे बिंदू) वेगळेच राहतात. भूमिती डिझाइनमॉडेलरमध्ये केली असेल तर दोन्ही निवडून ‘फॉर्म न्यू पार्ट’ करा, स्पेसक्लेममध्ये केली असेल तर ‘शेअर’. मग मेश नव्याने करा. फ्लुएंटमध्ये (प्रवाह आणि उष्णतेचं गणित सोडवणारा भाग) सामाईक पृष्ठभागाला वॉल (भिंत) आणि तिची शॅडो (त्याच भिंतीची दुसरी बाजू) अशी जोडी दिसली की जोड बसला. तिथली थर्मल अट ‘कपल्ड’ (म्हणजे उष्णता दोन्ही बाजूंत वाहू देणारी) आहे ना, हे जरूर बघा. उष्णता पलीकडे जात नसेल तर मी आधी इथेच शोधतो.

पंपाच्या फिरत्या इंपेलरला (पात्यांच्या चाकाला) मात्र हे करू नका. स्लायडिंग मेशमध्ये एक मेश दुसरीवरून सरकायला हवी, म्हणून पार्ट वेगळे ठेवून मेश इंटरफेस (न जुळणाऱ्या दोन मेशना जोडणारी सीमा) द्या आणि त्या सीमेवर दोन्हीकडचे सेल (मेशचे तुकडे) साधारण सारख्याच आकाराचे ठेवा.