वडिलांच्या मानेवर आणि पापण्यांवर खाजरे चट्टे: गजकर्ण, इसब की सोरायसिस?

तुम्ही लिहिलंय की वडील शेती करतात. दोन वर्षांपासून मान, पापण्या आणि कोपराच्या आतल्या घडीत भयंकर खाज आहे, कातडी जाड आणि काळपट झाली आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. गावात कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी सोरायसिस.

मी तालुक्याच्या गावी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करणार नाही, पण वर्णन वाचून माझा पहिला संशय गाजर गवतावर आहे. तेच ते काँग्रेस गवत, बारीक पांढऱ्या फुलांचं. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. आता एकही बांध त्याच्यावाचून नाही.

घरीच एक बघा. वडिलांना अंगणात उजेडात बसवा आणि हनुवटी वर करायला सांगा. हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर चट्टे आहेत का? नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर या सावलीतल्या जागा सहसा सुटतात. वाळलेल्या गवताचा भुगा मात्र वाऱ्याबरोबर तिथेही जाऊन बसतो. चार दिवस लेकीकडे शहरात राहिले की खाज उतरते का, तेही विचारा. "इतकी वर्षं हातानं उपटतोय, तेव्हा कसं काही झालं नाही?" असं ते म्हणतील. ॲलर्जी अशीच असते, वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतरही एकाएकी सुरू होते. आणखी एक: मिशीला किंवा केसांना कलप लावतात का? कलपामुळेही पापण्या, कान आणि मान असेच पेटतात.

आता गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग. त्याची कड उठावदार, गोल आणि खवलेदार असते, मधला भाग त्यामानाने साफ. जांघ आणि कंबर या त्याच्या आवडत्या जागा, आणि बऱ्याचदा घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. शंका असेल तर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, थोड्या वेळात कळतं. पण आधी ट्यूब चोपडलेली असली तर ती कडच पुसली जाते आणि आम्हीही चाचपडतो. सोरायसिस कोपराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यावर, डोक्यात धरतो. खपल्या चांदीसारख्या पांढऱ्या, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. तुम्ही सांगितलेली कोपराची आतली घडी इसबाच्या बाजूने बोलते. गवताची ॲलर्जी हाही इसबाचाच प्रकार.

ट्यूबबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गोची तिथेच आहे. मेडिकलवर मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांत क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून बरं वाटतं. गजकर्ण असेल तर बुरशी आतून पसरत राहते. पापणीवर महिनोन्महिने लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. ट्यूबवर लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नसते, पण काउंटरवर कोण विचारतो!

तरी स्टेरॉइडला शत्रू समजू नका. गवताच्या इसबावर उपचार तोच आहे, फक्त जागेप्रमाणे ताकद ठरवायची. पापणीवर सौम्य मलम थोडे दिवस किंवा टॅक्रोलिमस (हे स्टेरॉइड नसलेलं मलम), जाड झालेल्या मानेवर जोरदार पण मोजून. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावा. मलमाने भागलं नाही तर ॲझाथायोप्रिनच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणाऱ्या गोळ्या देतात, पण त्यात रक्ततपासणी चुकवून चालत नाही. गावातल्या डॉक्टरकडे "खाजेचं इंजेक्शन" घेऊ नका. ते बहुधा स्टेरॉइडच असतं, आणि निघालाच सोरायसिस तर उतरल्यावर दुप्पट उसळतो.

गवत उपटायचं काम त्यांच्याकडून काढून घ्या. ते जाळूही नका. शेतात पूर्ण बाह्या, मानेला उपरणं. घरी आल्यावर लगेच आंघोळ, ते कपडे वेगळे धुवा. बऱ्याच दिवसांनी अशा लोकांना ऊनही सोसेनासं होतं, म्हणून दुपारची कामं टाळलेली बरी. वांगं, मासे, आंबट बंद करायची गरज नाही. आणि कुणी कितीही सांगो, बिब्बा लावू नका. खाज राहते बाजूला, वर फोड येतात.

नक्की करायचं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते बघायची तपासणी करा. पाठीवर पट्ट्या चिकटवतात आणि दोन आणि चार दिवसांनी बघतात. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. अंगभर लाली पसरून ताप आला, पू झाला किंवा तोंडात फोड आले, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.