मेपल, चिनार आणि फिरफिरे

राळेगाव तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे, "लेक म्हणते, बाबा, मेपलले मराठीत काय म्हंतेत? कोनी चिनार सांगतलं. बरोबर हाय का?"

नाही भाऊ, चिनार नाही. पान हातावर घेतलं तर फसायला होतं, दोन्ही पंजासारखी. पण फांदी बघा. मेपलची पानं सागासारखी समोरासमोर येतात, चिनाराची वडासारखी एकाआड एक. चिनाराला गोल बोंडं लोंबतात, मेपलला जोडीनं पंखवाली फळं.

खरं तर मेपल ओळखावा तो या फळावरूनच, कारण पान प्रत्येक जातीत पंजासारखं नसतंच. हिमालयात काश्मीरपासून भूतानपर्यंत आणि पुढे चीनमध्ये एक मेपल वाढतो, एसर ऑब्लाँगम. 'ऑब्लाँगम' म्हणजे लांबट. पान अखंड, जाडसर, खालून निळसर पांढरं. कॅनडाच्या झेंड्यावरचं पान डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हे झाड मेपल आहे यावर विश्वासच बसणार नाही. नेपाळीत त्याला म्हणतात 'फिरफिरे'. मला हे नाव फार आवडतं. ज्यानं ठेवलं त्यानं पान पाहिलं नाही, फळ पडताना पाहिलं.

आपल्याकडे मेपल नाही, पण महारुख आहे. उन्हाळ्यात विहिरीजवळच्या महारुखाखाली तांबूस चपटी फळं पडतात. बी मधोमध, दोन्हीकडे पातळ पंख, एका टोकाला पीळ. ओंजळभर उधळली की स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येतात. मेपलचं बी मात्र पंखाच्या एका टोकाला असतं, तिकडे वजन जास्त, म्हणून जोडी सुटली की एकेक फळ पंख्यासारखं गरगरतं. आपलं 'भिरभिरं' आणि नेपाळ्यांचं 'फिरफिरे' शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणा, लेकीला अर्थ सांगावा लागणार नाही.

तेव्हा वहीत 'मेपल'च लिहू द्या. रुळलेला शब्द आहे, त्याला संस्कृत जोडशब्दाचं ओझं नको. हिमालयातल्या त्या जातीबद्दल बोलायचं तर 'फिरफिरे' खुशाल घ्या. चिनार तेवढा खोडा.

लिंगाचं म्हणाल तर वड, साग, पिंपळ यांच्या रांगेत 'तो मेपल'. 'सागाची पानं' तशी 'मेपलाची' असं अजून कानाला बसत नाही, सध्या 'मेपलची' ठीक.