तंबूची चेन बाहेरून कुणी उघडली तर?

प्रश्न : आम्ही नाशिकजवळच्या एका रो-हाऊस वसाहतीत राहतो. घर माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे. डिसेंबरमधल्या एका शनिवारी मुलींच्या हट्टापायी मागच्या अंगणात तंबू ठोकला. घमेल्यात शेकोटी केली, रताळी भाजली, छोट्या स्पीकरवर गाणी लावली. स्पीकर साडेदहाला बंद केला. अकराच्या सुमारास लाइट गेली आणि आम्ही झोपलो. तंबूत मी, जाऊबाई आणि दोघींच्या मिळून तीन मुली. नवरा आणि दीर घरात. पावणेबाराला शेजारचे गृहस्थ आणि त्यांचा पाहुणा कंपाउंडच्या भिंतीवरून आत आले. तंबूची चेन बाहेरून उघडून हात आत घातला, मोबाइलच्या उजेडात आमचं शूटिंग केलं, ‘ही काय धर्मशाळा आहे का?’ म्हणून ओरडले. मग त्यांनीच ११२ ला फोन केला. पोलिसांनी तंबू काढायला लावला, नवऱ्याला चौकीत नेऊन माफीनामा लिहून घेतला आणि मलाही दुसऱ्या दिवशी चौकीत यायला सांगितलं. सकाळी तो व्हिडिओ वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. तक्रार द्यायला गेले तर ‘शेजारपाजारचं भांडण आहे, एनसी घेतो’ म्हणाले. आमचा काही गुन्हा झालाय का? माझी नऊ वर्षांची मुलगी तेव्हापासून दिवा चालू ठेवूनच झोपते. आणि याच शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहायचं आहे.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा त्या चेनपाशीच थांबले. तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि पत्रात तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ काढून बघा. गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत इमारतीबरोबर ‘तंबू’ हा शब्द आहे. जुन्या दंडविधानातही होता. माणसाच्या राहण्यासाठी वापरात असलेल्या इमारतीत, तंबूत किंवा जहाजात फौजदारी अतिक्रमण करून शिरणं म्हणजे गृह-अतिक्रमण. त्याच कलमात पुढे स्पष्ट केलंय की शिरणाऱ्याच्या शरीराचा कोणताही भाग आत आला तरी ते शिरणंच धरायचं. म्हणजे चेन उघडून आत आलेला हात पुरेसा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एका रात्रीपुरता अंगणात ठोकलेला तंबू ‘राहण्यासाठी वापरात’ होता का, यावर समोरचा वकील वाद घालणार, हे आत्ताच सांगून ठेवते. माझं मत असं की दोन बायका आणि तीन मुली अंथरूण घालून आत झोपल्या होत्या, तेव्हा त्या रात्रीपुरतं त्यांचं घर तेच होतं. न्यायालयाने हे मान्य केलं नाही, तरी अंगण तुमच्या ताब्यातलं आहे. तिथे तुम्हाला धमकावायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला शिरणं हे साधं फौजदारी अतिक्रमण होतंच. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. त्यामुळे ‘एनसी घेतो’ हे उत्तर इथे चालत नाही. एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद असते आणि त्यात दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय.

तक्रारीत ‘आत आले’ एवढंच लिहू नका. फाटकातून आले नाहीत, भिंत चढून आले, ती भिंत किती फूट उंच आहे, वेळ काय होती, हे सगळं लिहा. भिंत चढून केलेलं गृह-अतिक्रमण घरफोडीच्या व्याख्येत बसू शकतं, आणि सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला कलम ३३१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र हे कलम मागितलं तर पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. तेवढी तयारी ठेवा.

आता तुमच्या बाजूचं, कारण समोरून तेच पुढे येणार. स्वतःच्या अंगणात एका रात्रीसाठी तंबू ठोकायला कुणाची परवानगी लागत नाही. घमेल्यातली शेकोटीही गुन्हा नाही. आगीबाबत हयगय केली आणि त्यातून कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका निर्माण झाला तरच कलम २८७ लागतं. पालापाचोळा, प्लॅस्टिक असं काही तुम्ही त्यात जाळलं नसेल असं धरते. जाळलं असेल तर मला कळवा, कारण कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे.

स्पीकरचं मात्र तुमचं चुकलं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. या वेळेत उघड्या जागेत आवाज करणारं कोणतंही साधन वाजवायचं नाही, मग ते कितीही लहान असो. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खासगी स्पीकरचा आवाज तुमच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. त्या अर्ध्या तासाची चूक तक्रारीत स्वतःहून लिहा, लपवू नका. कारण त्यातूनच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढे येतो. स्पीकर साडेदहाला बंद झाला, शेजारी पावणेबाराला आले. सव्वा तास गाणी नव्हती, अकरापासून दिवेही नव्हते, माणसं झोपली होती. मग ते नक्की काय थांबवायला आले होते? आवाजाचा खरंच त्रास होत होता तर सव्वादहाला घरातूनच ११२ लावता आला असता.

व्हिडिओबद्दल जरा सावकाश वाचा. तुम्हाला कुणीतरी कलम ७७ (बाईला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं) लावायला सांगेल, कुणी पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदाही सांगेल. माझा सल्ला आहे की दोन्ही मागू नका. कलम ७७ ला शरीराचे खासगी भाग उघडे किंवा फक्त अंतर्वस्त्रांत असणं, शौचालयाचा वापर किंवा लैंगिक कृती, यांपैकी काही लागतं. पोक्सोच्या लैंगिक छळाला लैंगिक हेतू लागतो. तुम्ही सगळ्या अंगभर कपड्यांत, पांघरुणात होतात असं धरते. न बसणारं कलम रेटलं की बसणाऱ्या कलमांवरचाही विश्वास उडतो, हे मी न्यायालयात वारंवार पाहिलंय. तुमच्यासाठी कलम ७९ आहे. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या एकांतात शिरकाव करणं त्यात येतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. हेतू सिद्ध करावा लागेल; पण झोपलेल्या बायकांवर उजेड मारून शूटिंग करायचं आणि सकाळी ते ग्रुपवर टाकायचं, यातून हेतू दिसतो. हा गुन्हाही दखलपात्र आहे, आणि या कलमाखाली बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. तसं ठामपणे सांगा.

रागाच्या भरात तो ग्रुप सोडू नका. व्हिडिओ, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया, सगळं ठेवा. स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्सपोर्ट करा, पण व्हिडिओ स्वतः पुढे पाठवू नका. न्यायालयात तो द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकील करून देतील. तुमचं काम फोन जपणं आणि तो फॉरमॅट न करणं. तंबूची चेन ओढाताणीत तुटली असेल तर शिवायला देऊ नका, तशीच गुंडाळून ठेवा.

माफीनाम्याची तुम्हाला वाटते तेवढी धास्ती घेऊ नका. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो कागद पुढे चॅप्टर केसला (शांतता राखण्याची हमी लिहून घेणारी प्रतिबंधक कारवाई) जोडला जाऊ शकतो, म्हणून त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. सोबत त्या रात्रीची स्टेशन डायरीची नोंद आणि ११२ च्या कॉलची वेळही मागा. नवऱ्याला कोणत्या कलमाखाली नेलं होतं, तेही त्याच अर्जात विचारा. अटक नव्हती आणि नोटीसही नव्हती, तर त्यांच्यावर जाण्याचं बंधन नव्हतं. तुम्हाला चौकीत बोलावलं, त्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७९ सांगतं की साक्षीदार म्हणून बाईला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. जबाब घ्यायचा तर घरी येऊन घ्यावा लागेल. हीच गोष्ट तुमच्या लेकीलाही लागू आहे. तिला ठाण्याची पायरी चढायला लावू नका. जबाब द्यावाच लागला तर घरी, तुमच्या शेजारी बसून, आणि एकदाच. ती दिवा लावून झोपते हे वाचून मला फार वाईट वाटलं. तेही तक्रारीत एका ओळीत लिहा, कारण घडलेल्या प्रकाराचा तो परिणाम आहे.

शेजारी म्हणून जन्म काढायचा आहे, हा प्रश्न कायद्यापेक्षा अवघड आहे. मी सांगेन की आधी तक्रार, मग बोलणी. कलम ३२९ खालचे अतिक्रमणाचे गुन्हे आपसात मिटवता येतात आणि ते मिटवण्याचा हक्क जागेचा ताबा असणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, त्याच ग्रुपवर लेखी माफी मागितली आणि मुलींना झालेल्या त्रासाबद्दल तुमच्या घरी येऊन बोलले, तर मोठ्या मनाने मिटवा; पण ते न्यायालयात नोंदवून. कट्ट्यावरच्या तडजोडीचा कागद कुणी मानत नाही. तोवर दिरांना आणि नवऱ्याला भिंतीपलीकडे एक शब्द बोलू देऊ नका. उलट धमकी दिली की दोघांवरही चॅप्टर केस होते आणि मूळ प्रकार बाजूला पडतो.

ठाण्यात पुन्हा नकार मिळाला तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तुमचा भाग आयुक्तालयात येत असेल तर उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमात आहे. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची मुदतही एक वर्षाचीच असते, तेव्हा ‘बघू संक्रांतीनंतर’ असं करू नका. या आठवड्यात जाऊबाईंना सोबत घेऊन जा, तक्रारीच्या दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोचेचा शिक्का मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.